खुले पत्र: अनुदान कोणाला मिळालं, ते गावच्या भिंतीवर लिहा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय: शेती अनुदानाची गाववार, नाववार एकत्र यादी; आणि त्या यादीत कधीच न येणारी माणसं.

महोदय,

मी पारोळा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. सातबारावर एक हेक्टर वीस आर. दुसऱ्याचा हिशोब मागायचा तर आधी आपला द्यावा, म्हणून माझा सांगतो. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, नमो शेतकरीचे ६ हजार. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५ हजार दिले, त्यात माझ्या खात्यावर ६ हजार पडले. युरियाची ४५ किलोची गोणी मला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. बाकीची किंमत सरकार कंपनीला भरतं, तेव्हा हंगामातल्या माझ्या चार-सहा गोण्यांवरचं ते अनुदानही माझ्याच नावावर धरा. विहीर नाही. त्यामुळे ठिबक, सौरपंप, मोफत वीज यांच्याशी माझा संबंध येत नाही. झाला माझा हिशोब.

गावातल्या प्रत्येक लाभार्थ्याचा असाच हिशोब, सगळ्या योजना मिळून, एका तक्त्यात मांडून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. नाव, योजना, वर्ष, रक्कम. आधार नंबर नको, बँकेचं खातं नको. यात मी नवीन काही मागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करायचं, कोणी अर्ज करायची वाट न बघता.

तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन आहे. काही अंशी खरं आहे. पीएम किसानच्या संकेतस्थळावर गाव निवडलं की नावांची यादी उघडते, आणि त्याने कोणाचं काही बिघडलेलं नाही. पण ठिबक आणि अवजारं राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, पीक विमा दुसरीकडे, पोकरा या कृषी संजीवनी प्रकल्पाचा कारभार आणखी तिसरीकडे, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातलं साहित्य पंचायत समितीच्या फायलीत, सौरपंप वीज कंपनीकडे. एकाच उंबऱ्याच्या आत सगळं मिळून किती गेलं, हे कुठेच दिसत नाही. आणि गावाला नेमकं तेवढंच बघायचं असतं.

बघायला मिळत नाही म्हणून गाव अंदाज बांधतं. पारावर बसा, कानावर येईल: अमक्याच्या घरात चार फाईली झाल्या, तमक्याने बायकोच्या नावावर ट्रॅक्टर काढला, फलाण्याचं शेततळं कागदावरच आहे. यातलं निम्मं खोटं असतं. पण खोटं कोणतं ते ठरवायचं कसं? महिला शेतकऱ्याच्या नावावर ट्रॅक्टरला सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळतं, हा नियम आहे, चोरी नाही. ते घर उगाच बदनाम होतं. आणि ज्याचं शेततळं खरंच कागदावर आहे, तो त्याच गर्दीत आरामात बसून चहा पितो.

रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईचं नाव, तिचे दिवस, तिची मजुरी सगळं जगाला दिसतं. त्या कामांचं सामाजिक अंकेक्षण होतं, ग्रामसभेत नावं वाचली जातात. तीनशे रुपये रोजाच्या मजुरीला खासगी माहितीचा आडोसा मिळत नसेल, तर लाखाच्या अनुदानाला तो का मिळावा?

आता यादी लागली तर तीत काय दिसेल, हे मला माझ्या अंदाजाने सांगू द्या. मला वाटतं, खोटे लाभार्थी थोडे निघतील. त्रास होईल तो खऱ्या लाभार्थ्यांची नावं वाचून. नियमाने, कागदपत्रं पूर्ण करून, कोणाचा एक रुपया न खाता, पैसा ज्यांच्याकडे आधीच काही आहे त्यांच्याकडेच गेलेला दिसेल.

ठिबकचंच घ्या. ठिबक आमच्या जळगावने देशाला शिकवलं, त्याचा अभिमान मलाही आहे. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के मिळतात, राज्य आपल्या योजनेतून त्यात २५ टक्के घालतं, म्हणजे ८० टक्के. मोठ्या शेतकऱ्याला ७५. कागदावर लहान माणसाचा विचार केलेला आहे. पण पैसे येतात कधी? आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग संच विकत घेऊन वावरात पसरायचा, पक्कं बिल चढवायचं, वावरात येऊन मोका तपासणी व्हायची, आणि त्यानंतर केव्हातरी अनुदान खात्यावर. म्हणजे ८० टक्क्यांच्या योजनेत शिरायला शंभर टक्के रोकड आधी लागते. ज्याच्याकडे ती आहे तो सहा महिने, कधी वर्षभर थांबू शकतो. दोन एकरवाल्याने कुठून आणायची? तो सावकाराकडून घेतो किंवा दुकानदाराकडे उधार लावतो, आणि अनुदानातला बराचसा भाग व्याजात जातो. नाहीतर पूर्वसंमतीची मुदत संपते आणि अर्ज आपोआप बाद होतो. पोर्टलवर त्याची नोंद ‘शेतकऱ्याने लाभ घेतला नाही’ अशा अर्थाची होत असणार.

डीबीटी आली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, हेही लिहितो. पूर्वी साहित्य यायचं, निकृष्ट यायचं, आणि अर्धं मध्येच गायब व्हायचं. थेट खात्यावर पैसे आल्याने ते बंद झालं. पण मधला माणूस गेला तसा त्याच्याबरोबर उधारीही गेली, आणि त्या जागी लहान शेतकऱ्याला दुसरं काहीच दिलं नाही.

त्यात २०२५ मध्ये महाडीबीटीवरची सोडत बंद करून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आणलं. सोडतीला आम्ही नशिबाचा खेळ म्हणून शिव्या दिल्या. पण सोडतीत निदान सातपुड्यातल्या धडगावच्या माणसाची चिठ्ठी जळगाव शहरात बसलेल्या माणसाच्या चिठ्ठीएवढीच होती. आता ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे, ज्याला पोर्टल कधी उघडतं ते आधी कळतं, तो पहिला. फार्मर आयडीशिवाय अर्ज घेत नाहीत, आणि सामायिक खात्यातला एक भाऊ सुरतेला कामावर, दुसऱ्याचं नाव आधारवर एक आणि सातबारावर दुसरंच, अशी आमच्याकडची घरं रांगेत मागेच राहणार. (मध्यंतरी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. नाव मोठं झालं याचा आनंद आहे. त्यांच्याकडची गावं मात्र कमी झालेली नाहीत.)

तापीकाठाकडे बघा. रावेर, यावल, चोपडा: केळीचा पट्टा. तिथे आठ हेक्टर केळी असलेल्या घराला ठिबकचं अनुदान ५ हेक्टरपर्यंत मिळतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ पासून वीजबिल नाही. केळीला खत भरपूर लागतं, म्हणून खताच्या गोणीमागे दडलेलं अनुदानही भरपूर. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज नाही. हवामान आधारित फळपीक विम्याच्या हप्त्यात केंद्र आणि राज्याचा वाटा. ही सगळी बेरीज करून बघा आणि शेजारी माझे बारा हजार ठेवा.

मी केळीवाल्यांच्या विरोधात लिहीत नाही. मेच्या शेवटी एक वादळ आलं की वर्षाची बाग तासाभरात आडवी होते, सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने कोवळी रोपं उपटून फेकावी लागतात, आणि व्यापारी भाव पाडतात तेव्हा घड बांधावर टाकलेले आम्ही पाहिलेत. त्यांना विमा हवाच. माझं म्हणणं योजनांच्या घडणीबद्दल आहे. जो जास्त पाणी उपसतो, जास्त खत टाकतो, जास्त कर्ज उचलू शकतो, त्याच्याकडे अनुदान आपोआप वाहतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या याद्यांत रावेर आणि यावल अतिशोषित तालुके म्हणून नोंदले गेलेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा (डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या) पट्ट्यातलं पाणी खोल खोल जातंय, आणि आपण एका खात्यातून पाणी वाचवायला ठिबक देतो, दुसऱ्या खात्यातून ते उपसायला फुकट वीज. ही दोन्ही खाती एका तक्त्यात कधी शेजारी बसलीच नाहीत, म्हणून हे कोणाच्या डोळ्यात खुपत नाही.

आणखी एक. पीएम किसानला चाळणी आहे: आयकर भरणारा, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना ते सहा हजार मिळत नाहीत. घेतले असतील तर वसुलीच्या नोटिसा निघाल्या, आणि काही मास्तर लोकांनी ते परतही केले. सहा हजारांना एवढी चाळणी लावणाऱ्या सरकारने ट्रॅक्टरच्या लाखाला आणि ठिबकला ती का लावू नये, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पण हे सगळं निदान यादीत तरी येईल. माझा मुख्य मुद्दा यादीत न येणाऱ्यांचा आहे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बोलणी होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल ठरतं, बटाईचे (दुसऱ्याचं वावर वाट्याने कसायचे) सौदे होतात, कोण वावर उक्तं देतो, कोण निमबटाईनं. एकही कागद होत नाही. मालक कागद करत नाही कारण त्याच्या मनात १९४८ चा कूळ कायदा अजून जिवंत आहे. त्या कायद्याने कसणारं कूळ मालक ठरलं, त्या १ एप्रिल १९५७ या दिवसाने ज्यांच्या आजोबाची जमीन गेली, त्या घरातला नातू पुण्यात नोकरीला असला तरी कागदावर सही करायला घाबरतो. मी त्याला दोष देत नाही. पण परिणाम असा की पारोळा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यात कुठल्याही गावात वावरात उभा असलेला माणूस आणि सातबारावरचा माणूस बरेचदा वेगळे असतात, आणि सरकार फक्त सातबारावरच्याला ओळखतं.

ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. मालक बाहेरगावी असला की पाहणी बटाईदारच करतो. त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच डेटावर, वावरात उभं राहून तो कपाशीचा फोटो काढतो आणि चढवतो. नोंद होते खातेदाराच्या नावाने. २०२४ मध्ये कापसाचे हेक्टरी ५ हजार मुख्यतः याच नोंदीवरून वाटले गेले. गावात याद्या लागल्या, सामायिक खातेदारांची संमतीपत्रं घेतली गेली. फोटो काढणाऱ्याची संमती कोणाला लागली नाही. आमच्या गावातला एक बटाईदार मला म्हणाला, “कापूस मी पिकाडस, पैसा त्यासना खातामा पडस.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पाऊस पडला नाही असं सांगावं तसा तो बोलला. काही मालक समजूतदार असतात, पैसे आले की निम्मे काढून देतात. बहुतेक देत नाहीत, आणि बटाईदार मागत नाही, कारण पुढच्या आखाजीला वावर दुसऱ्याला जाईल.

विमा? नोंदणीकृत भाडेकरार असेल तर दुसऱ्याच्या जमिनीवरच्या पिकाचाही विमा काढता येतो. नियम चांगला आहे. असा करार करून देणारा मालक मला दाखवा, मी त्याचा सत्कार ठेवतो. पीककर्ज विकासोतून (गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून), ते सभासदाला, म्हणजे खातेदाराला. कर्जमाफी २००८ ची असो, २०१७ ची असो की २०१९ ची, ती कर्जदाराला, म्हणजे पुन्हा खातेदाराला. बटाईदाराचं कर्ज कृषी केंद्राच्या वहीत असतं. ती वही कुठल्याच सरकारने माफ केलेली नाही.

आणि अपघात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, ते सातबारावरच्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. रब्बीला वीज बरेचदा रात्रीची असते. मका-गव्हाला पाणी द्यायला त्या अंधारात वावरात कोण उतरतं? सालदार उतरतो. साप त्याला चावतो. त्याच्या बायकोने तहसीलला जाऊन काय सांगायचं, की माझा नवरा कोणाचा खातेदार होता?

घरातल्या बायकांचंही जवळजवळ हेच. कापूस वेचणीपासून निंदणीपर्यंत वावर बाईच्या अंगावर, आणि उताऱ्यावर नाव दादाचं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ याच मातीत केली. पत्नीचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावायचं परिपत्रक १९९२ पासून आहे. किती उताऱ्यांवर लागलं, ते तुमच्या दप्तरात आहे. तेही भिंतीवर येऊ द्या.

सातपुड्यात वर चढलं की हा प्रश्न आणखी बिकट होतो. अक्कलकुवा, धडगावला वनपट्टे मिळाले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ते नवरा-बायको दोघांच्या नावावर आहेत, जे खाली सपाटीवरच्या शहाण्या लोकांना जमलं नाही. पण पट्टा म्हणजे नेहमीचा सातबारा नव्हे, आणि प्रत्येक नव्या पोर्टलला तो नव्याने समजावून सांगावा लागतो. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. केवायसीची शेवटची तारीख त्याच दिवसांत येते. खरं तर पेसा (आदिवासी भागातल्या स्वशासनाचा कायदा) क्षेत्रात लाभार्थी निवडण्याचा अधिकारच ग्रामसभेचा आहे. तिथल्या ग्रामसभेला निवडलेल्यांची यादीसुद्धा कोणी वाचून दाखवत नसेल, तर तो कायदा कशासाठी आहे?

दुसरीकडे काय झालं ते पाहू. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू आणली, एकराप्रमाणे पैसे, जमिनीला मर्यादा नाही. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त मिळाले, आणि भाडेकरू शेतकरी बाहेर राहिला. ओडिशाने कालिया योजनेत बटाईदार आणि भूमिहीनांना धरलं. आंध्रने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली: मालकाची सही, पण मालकीला धक्का नाही. तिथेही मालक सही करायला काचकूच करतात, हे मी ऐकून आहे. तरी दार उघडलं गेलं. आपल्याकडे कायदा बदलणं तुमच्या हातात नाही, ते मुंबईचं काम. पण ई-पीक पाहणीत ‘प्रत्यक्ष कसणारा’ हा एक रकाना असावा, कुळाचा कोणताही हक्क त्यातून निर्माण होणार नाही असं खाली स्पष्ट लिहून, एवढी शिफारस तीन जिल्ह्यांनी मिळून पाठवायला काय हरकत आहे? आणि तोपर्यंत ग्रामसभेत अशा कसणाऱ्यांची साधी नोंदवही ठेवता येईल. पैसे मिळणार नाहीत, पण माणूस कागदावर तरी येईल.

ठिबक आणि अवजारांच्या बाबतीतही एक करता येण्यासारखं आहे. दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याने आपला वीस टक्के वाटा भरला, तपासणी झाली, की उरलेली रक्कम त्याच्या लेखी संमतीने परस्पर विक्रेत्याला जावी, आणि किती गेली त्याचा मेसेज शेतकऱ्याला यावा. जुनी लबाडी परत येईल ही भीती खरी आहे. पण रक्कम भिंतीवर लिहिलेली असली की लबाडीला गावाची नजर लागते.

काही मित्र म्हणतील, अनुदानाची भीक कशाला, भाव द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं गेलं, ऐन आमचा कापूस घरात यायच्या तोंडावर. त्याने माझं जे नुकसान झालं ते बारा हजारांत भरून निघत नाही, हे मला कळतं. भावाची लढाई वेगळी, ती चालूच आहे. पण भाव मिळाला तरी तो कापूस ज्याच्या सातबारावर विकला जातो त्याच्या खात्यावर येतो. खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो तीत) मातीमोल गेलेला लहान शेतकऱ्याचा कापूस पुढे दुसऱ्याच कोणाच्या उताऱ्यावर हमीभावाला केंद्रावर पोचतो, ही गोष्ट जिनिंगच्या फाटकावरचा हमालसुद्धा सांगेल. तेव्हा भावाची यादीही लागू द्या: कोणाच्या उताऱ्यावर किती क्विंटल. एकरी दोन क्विंटल कपाशीच्या गावात कोणाच्या पाच एकरांवर दोनशे क्विंटल निघाले, तर गाव त्याच्या शेतीचं तंत्र शिकायला जाईल.

मनुष्यबळ नाही असं उत्तर येईल. ही माहिती तुमच्याकडे तयार आहे, प्रत्येक योजनेत गावाचा आणि शेतकऱ्याचा क्रमांक आहे. फार्मर आयडी झालाच आहे, तर सगळ्या योजना एका क्रमांकावर जोडून गाववार छापील कागद काढणं हे एका तालुक्याला काही दिवसांचं काम असावं. तीन जिल्ह्यांत एकदम नको. प्रत्येक जिल्ह्यात एक तालुका घ्या, गेल्या पाच वर्षांचं काढा, आणि येत्या १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. हरकत असेल त्याला तिथेच बोलू द्या. खोटं असेल तर तिथेच खोडलं जाईल.

आमच्या ग्रामपंचायतीला मी कलम ४ चा हवाला देऊन तसा अर्ज दिला आहे आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यायची विनंती केली आहे. रंग आणि पेंटरचा खर्च निघत नसेल तर आम्ही वर्गणी काढू. भिंत रस्त्याच्या बाजूची द्या, आतली नको.

आपला,
पारोळा तालुक्यातील एक शेतकरी